मदरबोर्डवरची रिकामी जागा



गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'संबंध' या कल्पनेवर बोलत होतो. वैशेषिकांनी संयोग आणि समवाय असे दोन प्रकार केले, ते आपण पाहिलं. हात पुस्तकावर ठेवला, हा संयोग. हात उचलला की तो संपला. हात हात राहिला, पुस्तक पुस्तक राहिलं. धागे आणि वस्त्र यांचा मात्र समवाय. धागे काढून घेतले तर वस्त्र उरतच नाही. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विनंती केली की घडा, वस्त्र आणि झाडावरचं माकड सोडून एखादं आजचं उदाहरण घ्या. विनंती रास्त आहे. म्हणून आज आपण टेबलाखालच्या संगणकाचं झाकण काढून आत बघणार आहोत.

झाकण काढलं की एक मोठा हिरवा किंवा काळा बोर्ड दिसतो. तो मदरबोर्ड. त्याच्या एका कडेला काही लांबट खाचा समांतर बसवलेल्या असतात. त्यांना एक्स्पान्शन स्लॉट म्हणतात. संगणक नवा असेल तर यातल्या बहुतेक रिकाम्या असतात. आता प्रश्न असा, की कारखान्याने पैसे खर्च करून, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना लावून, रिकामी जागा का विकली? आणि ज्या वस्तूचा अजून जन्मही झालेला नाही, तिच्यासाठी जागा आधी कशी करून ठेवता येते?

स्लॉटमध्ये जे बसतं त्याला कार्ड म्हणतात. पडद्यावर चित्र उमटवणारं, आवाज काढणारं, नेटवर्कला जोडणारं, अशी अनेक कार्डं असतात. कार्डाच्या खालच्या कडेला तांब्याच्या, वरून सोनेरी पट्ट्या असतात. कार्ड खाचेत दाबलं की त्या पट्ट्या स्लॉटमधल्या स्प्रिंगसारख्या पिनांना टेकतात. बस, एवढंच. डाख दिलेला नाही, गोंद नाही. एक स्क्रू काढा, कार्ड वर ओढा, सुटलं. म्हणजे वैशेषिकांच्या भाषेत हा संयोग, अगदी हात-पुस्तकासारखा. पण आतल्या प्रोसेसरला मात्र ते कार्ड स्वतःच्या अवयवासारखं वापरायचं असतं. बाहेरून संयोग आणि आतून जवळजवळ समवाय, अशी ही गंमत आहे. ती जमते कशी, हे आपण तीन टप्प्यांत बघू. तिसऱ्या टप्प्याला आम्ही कमी वेळ देणार आहोत, कारण आमच्या मते खरी गोष्ट दुसऱ्या टप्प्यात घडली.

पहिला टप्पा १९८१ सालचा. आयबीएमने त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. स्लॉट ही आयबीएमची कल्पना नव्हे, हे आधी सांगायला हवं. १९७५ च्या अल्टेअर यंत्रात १०० पिनांच्या खाचा होत्या, आणि १९७७ च्या ॲपल टू मध्ये आठ स्लॉट होते. त्या आठांवरून स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझ्नियॅक यांच्यात वाद झाला होता. जॉब्सचं म्हणणं, लोकांना लागतील दोन, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. वॉझ्नियॅक आठांवर अडून बसला. लोकांना काय लागेल हे आपल्याला आज कळतं, असं एकाचं म्हणणं. ते आपल्याला कळणार नाही, म्हणूनच जागा ठेवू, असं दुसऱ्याचं. हा वाद तांत्रिक वाटतो, पण तो भविष्याविषयी आपल्याला काय कळू शकतं याविषयीचा वाद आहे. १९८४ मध्ये जॉब्सच्या देखरेखीखाली पहिला मॅकिन्टॉश आला, त्यात एकही स्लॉट नव्हता.

आयबीएमच्या यंत्रात पाच स्लॉट होते. आणि इथे एक लक्षात घ्या, पडदासुद्धा मदरबोर्डला थेट जोडलेला नव्हता. पडद्यासाठी कार्ड, फ्लॉपीसाठी कार्ड. कीबोर्डची जागा मात्र बोर्डवरच होती. म्हणजे पाचपैकी दोन स्लॉट यंत्र नुसतं कामाला लावण्यातच जात.

प्रत्येक स्लॉटमध्ये ६२ पिना, एका बाजूला ३१, दुसऱ्या बाजूला ३१. त्या काय करत? आठ पिनांवरून माहिती ये-जा करी. वीस पिनांवर पत्ता असे. वीस तारा, प्रत्येकीवर शून्य किंवा एक, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळे पत्ते. काही पिना विजेच्या, काही घड्याळाच्या ठोक्याच्या, काही 'वाचायचं आहे' की 'लिहायचं आहे' हे सांगणाऱ्या. आणि हे महत्त्वाचं: पाचही स्लॉटांच्या बहुतेक पिना एकमेकींना समांतर जोडलेल्या होत्या. पहिल्या स्लॉटची पत्त्याची तार हीच दुसऱ्याची, तीच पाचव्याची. अशा सामाईक तारांच्या जुडग्याला 'बस' म्हणतात. आपल्या लाल एसटीलाही आपण बसच म्हणतो, आणि दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिनमधला 'ओम्निबस'. त्याचा अर्थ 'सर्वांसाठी'.

आता बघा काम कसं चाले. प्रोसेसर पत्त्याच्या तारांवर एक आकडा ठेवतो आणि 'वाच' ही तार हलवतो. हे सगळ्या कार्डांना एकाच वेळी ऐकू जातं. वाड्याच्या चौकात उभं राहून पोस्टमनने नाव पुकारावं तसं. ज्या कार्डाचा तो पत्ता असेल ते उत्तर माहितीच्या तारांवर ठेवतं. बाकीच्यांनी गप्प राहायचं. हे गप्प राहणं विजेच्या भाषेत सोपं नाही. तारेवर शून्य ठेवणं म्हणजे गप्प राहणं नव्हे, तेही बोलणंच झालं. म्हणून या मंडलांना एक तिसरी अवस्था दिलेली असते. शून्यही नाही, एकही नाही, तारेवरून आपला हात पूर्ण काढून घेणं. आम्ही वर्गात द्विमूल्यी तर्कशास्त्र शिकवताना मुलांना सांगत असू की तिसरा पर्याय नाही. इथे आहे. पण तो खरं-खोट्यामधला तिसरा नव्हे, तो 'माझं काही म्हणणं नाही' असा आहे.

दुसरी अडचण अशी, की कार्डाला स्वतःहून काही सांगायचं असेल तर? कुणी कळ दाबली, मोडेमवर अक्षर आलं. प्रोसेसरने सारखं विचारत बसणं परवडत नाही. म्हणून काही तारा घंटेच्या. त्यांना इंटरप्ट म्हणतात. कार्डाने तार हलवली की प्रोसेसर हातातलं काम ठेवून विचारपूस करतो. पहिल्या यंत्रात अशा एकूण आठ घंटा होत्या आणि त्यातल्या सहाच स्लॉटपर्यंत पोचत. एका घंटेवर दोन कार्डं बसवली तर सहसा घोटाळा व्हायचा, कारण घंटा वाजण्याचा तो एक क्षण तेवढा नोंदला जाई. दोघांनी लागोपाठ वाजवली तर एकाची हाक हरवे.

तर मग कुणाचा पत्ता कोणता आणि कुणाची घंटा कोणती, हे कोण ठरवणार? ते ठरवणार आपण, म्हणजे यंत्राचा मालक. कार्डावर दोन-दोन काट्या उभ्या असत, त्यांवर छोटी प्लास्टिकची टोपी घालायची. तिला जम्पर म्हणत. साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड ज्यांनी बसवलंय त्यांना '२२०' आणि 'पाच' हे आकडे अजून पाठ असतील. २२० हा पत्ता, सोळाच्या पाढ्यातला, आणि पाच ही घंटा. नेटवर्कचं कार्डही पाचवर असलं की दोघांपैकी एक मुकं व्हायचं, किंवा सगळं यंत्रच थिजायचं. आणि कोण चुकतंय हे यंत्र सांगू शकत नसे.

का सांगू शकत नसे? कारण कार्डाने ओळख द्यायचा काही नियमच नव्हता. प्रोसेसर एखाद्या पत्त्यावर विचारी, उत्तर येई किंवा न येई. उत्तर नाही आलं तर कार्ड नाही, की आहे पण दुसऱ्या पत्त्यावर आहे, की आहे पण या प्रश्नाला उत्तर द्यायचं त्याला माहीत नाही? मौनाचा अर्थ लागत नव्हता. हा मुद्दा धरून ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

तरीही ही पद्धत प्रचंड चालली, आणि त्याचं कारण विजेपेक्षा व्यवहारात आहे. आयबीएमने तांत्रिक पुस्तिका छापून विकली, आणि त्यात मंडलांच्या आकृत्याच दिल्या होत्या. कोणत्या पिनेवर काय, हे कुणालाही कळू शकत होतं. त्यामुळे आयबीएमला न विचारता कुणीही कार्ड बनवावं, अशी स्थिती झाली, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या दारापर्यंत येतो.

त्या यंत्राच्या पडद्यावर अक्षरं कशी उमटत? ८० रकाने, २५ ओळी. प्रत्येक चौकोनात एक अक्षर, २५६ ठरलेल्या आकारांपैकी एक. अ, क, कि, क्त, र्क यांना त्यात जागाच नाही. मराठीत वेलांटी उच्चारात नंतर येते आणि कागदावर आधी बसते. जोडाक्षरात आकार बदलतो. रफार डोक्यावर चढतो. एक चौकोन एक अक्षर हा हिशेबच आपल्या लिपीला लागू पडत नाही. मग उपाय काय? अमेरिकेतल्या कंपन्यांनी आपले प्रोग्रॅम बदलावेत म्हणून वाट बघायची?

१९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत यावर काम सुरू झालं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तिथे वाढलं. त्याचं एक फळ म्हणजे जिस्ट कार्ड. हे स्लॉटमध्ये बसणारं कार्ड होतं. लिपीचे नियम या कार्डाच्या पोटात होते. वर्डस्टार, लोटस, डीबेस असले प्रोग्रॅम आपल्या समजुतीने साधी अक्षरंच हाताळत. त्यांच्यात एका ओळीचाही बदल केलेला नसे. पडद्यावर मात्र देवनागरी उमटे. इस्की नावाच्या भारतीय संकेतप्रणालीत २५६ पैकी पहिले १२८ आकडे इंग्रजीला तसेच ठेवलेले आणि वरचे आपल्या लिपींना दिलेले. शिवाय देवनागरी, गुजराती, कन्नड, बंगाली यांतल्या 'क'ला एकच आकडा. त्यामुळे तोच मजकूर लिपी बदलून वाचता येई.

यात आम्हाला काय महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. ज्या इंजिनिअरांनी त्या ६२ पिना ठरवल्या, त्यांच्या डोक्यात मराठी असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी देवनागरीसाठी सोय केली नाही. त्यांनी 'कशासाठीही' सोय केली, आणि त्या 'कशाही'त आपण बसलो. सरकारी कचेऱ्यांत मराठी संगणकावर आली ती अशा वाटेनेही आली. हे यंत्र जर सीलबंद असतं, तर आपली लिपी कुणाच्या तरी मर्जीची वाट बघत बसली असती.

पुढचा भाग थोडा भराभर. १९८४ मध्ये आयबीएमने एटी हे यंत्र आणलं. आठाऐवजी सोळा माहितीच्या तारा, विसाऐवजी चोवीस पत्त्याच्या. मग जुनी कार्डं टाकून द्यायची का? नाही. जुन्या ६२ पिनांच्या खाचेपुढे त्याच रेषेत ३६ पिनांची दुसरी छोटी खाच जोडली. जुनं कार्ड पहिल्या खाचेत बसे, नवं दोन्हींत. आणि एक नामी युक्ती केली. नव्या कार्डाने एक विशिष्ट तार खाली ओढून सांगायचं, 'मी सोळावालं.' जुन्या कार्डाला ती तार पोचतच नाही, त्यामुळे ते काही सांगू शकत नाही. आणि ते काही सांगत नाही यावरूनच मदरबोर्ड समजून घेतो की हे जुनं, याच्याशी आठ-आठच्या दोन घासांत बोलावं. वडीलधाऱ्या माणसाला नव्या रीती समजावत न बसता आपणच त्यांच्या रीतीने बोलावं, तशातला प्रकार.

मग १९८७ मध्ये आयबीएमने दार लावायचा प्रयत्न केला. मायक्रो चॅनल नावाची नवी बस आणली. तांत्रिकदृष्ट्या ती खरोखर चांगली होती. जम्पर गेले, प्रत्येक कार्डाला ओळख क्रमांक आला. पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि इतरांनी ती वापरायची तर परवान्याचे पैसे भरायचे. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ईसा नावाची प्रतिस्पर्धी बस जाहीर केली. तिची खाच दुमजली होती. जुनं कार्ड वरच्या मजल्यावर अडे, नवं खालपर्यंत जाई. जुन्या बसला तोवर नीटसं नावही नव्हतं. याच सुमारास तिला 'आयसा' असं नाव पडलं. मायक्रो चॅनल काही वर्षांत मागे पडली. नुसत्या गुणवत्तेने अशा लढती जिंकता येत नाहीत, लोकांच्या घरातली जुनी कार्डं मोजावी लागतात.

आता आपण दुसऱ्या टप्प्याला येतो, म्हणजे पीसीआय. इंटेलने तिची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये मांडली. ३२ तारा, सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके, आणि सगळ्यांत मिळून सेकंदाला साधारण १३३ मेगाबाइट. हा वेग त्या काळी मोठाच. पण आमच्या मते खरा बदल वेगात नाही, ओळखीत आहे.

प्रत्येक पीसीआय कार्डात २५६ बाइटची एक छोटी वही ठेवायची असं ठरलं. तिच्या पहिल्या पानावर काय लिहायचं हेही ठरलं: कुणी बनवलं, कोणतं मॉडेल, कोणत्या जातीचं साधन. बनवणाऱ्यांना क्रमांक वाटले जातात. इंटेलने स्वतःसाठी सोळाच्या पाढ्यातला ८०८६ घेतला, आपल्या जुन्या प्रोसेसरच्या नावावरून. इंजिनिअरही कधीकधी विनोद करतात.

पण वही वाचायची कशी? पत्ता अजून दिलेलाच नाही. बारशाआधी बाळाला हाक कशी मारणार? त्यासाठी प्रत्येक स्लॉटला एक स्वतंत्र निवड-तार दिली. ही एक तार मात्र सामाईक नाही. मदरबोर्ड ती हलवून म्हणतो, 'हा जो इथे बसला आहे, तो.' नावाने नव्हे, बोट दाखवून. आयसामध्ये सगळे स्लॉट सारखेच होते, कार्ड कुठे बसलंय हे यंत्राला कळायचा मार्ग नव्हता. इथे जागा हीच पहिली ओळख झाली, आणि नाव नंतर दिलं गेलं.

ओळख झाल्यावर पत्त्याचं वाटप. आणि ते इतकं सुबक आहे की आम्ही मुद्दाम सांगतो. कार्डाला किती पत्ते हवेत हे मदरबोर्डला कसं कळावं? त्या वहीत पत्ता लिहायची एक ओळ असते. मदरबोर्ड तिथे सगळे एक लिहितो, सगळीकडे १११११, आणि लगेच वाचून बघतो. कार्डाने खालचे काही अंक शून्यावर घट्ट बसवून ठेवलेले असतात; ते बदलतच नाहीत. समजा, कार्डाला एक मेगाबाइट हवंय. मग खालचे २० अंक ढिम्म राहतात आणि वरचे १२ बदलतात. (तळाशी दोन-चार अंक दुसऱ्या कामाचे असतात, ते सोडून द्या.) दोनाचा विसावा घात मोजला की मागणी कळली. मग मदरबोर्ड सगळ्यांच्या मागण्या गोळा करतो, कुणाचे पत्ते एकमेकांवर चढणार नाहीत असं वाटप करतो, आणि तो पत्ता त्याच ओळीत लिहून टाकतो. जम्परच्या टोप्या संपल्या. पूर्वी जे आपण टॉर्च आणि चिमटा घेऊन करत होतो, ते यंत्र चालू होताना पापणी लवायच्या आत होऊ लागलं.

घंटेचंही तसंच. आता तार क्षणभर हलवायची नाही, दाबून धरायची, दखल घेतली जाईपर्यंत. दोन कार्डांनी एकच तार दाबून धरली तरी चालतं. प्रोसेसर एकेकाला विचारतो, 'तू का?' ज्याचं काम होतं ते हात काढतं. तार अजून खालीच असेल तर दुसरंही कुणी आहे, हे कळतं. हाक हरवत नाही.

आणि आता रिकामा स्लॉट. मदरबोर्डने निवड-तार हलवली, 'तू कोण?' असं विचारलं, आणि तिथे कुणीच नाही. काही ठोके वाट बघून तो प्रश्न सोडून देतो, आणि उत्तराच्या जागी सगळे एक भरले जातात. सोळाच्या पाढ्यात ते एफएफएफएफ असं लिहितात. हा क्रमांक कुठल्याही कंपनीला कधीच दिला जाणार नाही, असं आधीच ठरलेलं आहे. म्हणून एफएफएफएफ दिसलं की जागा रिकामी.

आपल्याकडे अभावाच्या ज्ञानावर मोठी चर्चा झाली आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळतं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. कुमारिल भट्टांचे अनुयायी आणि अद्वैती म्हणतात, नाही, 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानलं पाहिजे. पण एक अट दोघांनाही मान्य आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळे धड हवेत. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

मघाशी आम्ही एक मुद्दा धरून ठेवायला सांगितला होता. आयसाची बस ही अंधारी खोली होती. कार्ड गप्प राहिलं यावरून काही सिद्ध होत नव्हतं, कारण कार्ड असतं तरी ते बोललंच असतं असं नव्हतं. पीसीआयने खोलीत दिवा लावला. प्रत्येक कार्डाने या एका प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे, असा नियम केला. त्या नियमामुळे उत्तरालाही अर्थ आला आणि मौनालाही. आम्हाला हे फार सुंदर वाटतं. तांबं तेच आहे, वीज तीच आहे. बदल झाला तो करारात, आणि त्या करारामुळे यंत्राला 'नाही' हे निश्चितपणे कळू लागलं.

तिसरा टप्पा पीसीआय एक्स्प्रेसचा, आजच्या सगळ्या संगणकांतला. २००४ पासून तो मदरबोर्डांत येऊ लागला. त्याचं कारण समजायला एक आकडा पुरे. मदरबोर्डच्या तारेत वीज एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जाते. ३२ तारांवरून एकाच वेळी अंक पाठवले तर ते एकाच वेळी पोचले पाहिजेत. ठोक्यांमध्ये ३० नॅनोसेकंद असतील तर थोडं मागेपुढे चालतं. वेग वाढवला की ते मागेपुढे होणंच घातक ठरतं. ३२ माणसांनी हातात हात घालून पळायचं म्हटल्यासारखं. म्हणून सामाईक तारांची कल्पनाच सोडून दिली. प्रत्येक स्लॉटला स्वतःची वेगळी वाट, आणि वाटेत एकामागून एक अंक. अशा वाटेला लेन म्हणतात. एका लेनमध्ये चार तारा असतात, जायला दोन आणि यायला दोन. दोन अशासाठी, की एकीवर संकेत आणि दुसरीवर त्याचा उलटा. पलीकडे दोन्हींची वजाबाकी. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. पहिल्या आवृत्तीत एका लेनवर सेकंदाला अडीच अब्ज अंक, म्हणजे एकेका दिशेने २५० मेगाबाइट. पाचव्या आवृत्तीत ३२ अब्ज. तिथे एक अंक तारेवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा व्यापतो.

स्लॉट एक, चार, आठ किंवा सोळा लेनचे असतात. एका लेनचं कार्ड सोळाच्या स्लॉटमध्ये खुशाल बसवा. सुरुवातीला दोन्ही बाजू सर्वांत जुन्या, हळू वेगाने बोलतात, तुझ्याकडे किती लेन, तुला किती वेग झेपतो हे विचारून घेतात, आणि दोघांना झेपेल तिथे थांबतात. माहिती आता पत्र्यांच्या पाकिटांसारखी जाते. पाकीट फाटलं तर पुन्हा मागवलं जातं. घंटेची तारही गेली, घंटा म्हणजे एका ठरलेल्या पत्त्यावर टाकलेलं एक पाकीट. आणि एवढं सगळं बदलूनही ती वही, 'तू कोण?' हा प्रश्न आणि एफएफएफएफ हे उत्तर तसंच ठेवलं आहे. १९९० च्या दशकातल्या प्रोग्रॅमलाही ते ओळखू येतं.

मागून कुणी तरी विचारतंय, की आमच्या लॅपटॉपमध्ये तर स्लॉटच नाही, मग हे सगळं इतिहासजमा झालं का? चांगला प्रश्न आहे. दोन गोष्टी वेगळ्या करा. स्लॉट, म्हणजे खाच, कमी होते आहे. पण तिच्यामागची बोलण्याची पद्धत जास्तच पसरली आहे. तुमच्या लॅपटॉपमधली एसएसडी बहुधा याच पीसीआय एक्स्प्रेसच्या भाषेत बोलते, एम.टू नावाच्या लहानशा खाचेत चार लेनपर्यंत असतात. थंडरबोल्टच्या केबलमधूनही तीच भाषा बाहेर येते. नेटवर्कची चिप बोर्डवर पक्की डाख देऊन बसवलेली असली, तरी यंत्र तिला 'तू कोण?' असंच विचारतं, जणू ती खाचेतलं कार्डच आहे.

फरक पडतो तो मालकाला. यंत्राच्या दृष्टीने डाख दिलेली चिप आणि खाचेतलं कार्ड यांत भेद नाही. तुमच्या दृष्टीने आहे. कार्ड बिघडलं तर कार्ड बदलतं. चिप बिघडली तर बहुतेक वेळा दुकानदार अख्ख्या बोर्डाची किंमत सांगतो. जिथे संयोग पुरेसा होता तिथे समवाय करून ठेवला, असं आम्ही म्हणू. पातळ लॅपटॉप हवा, बॅटरी जास्त टिकायला हवी, ही कारणं खरी आहेत आणि आम्ही ती नाकारत नाही. पण नवा संगणक घेणाऱ्या ओळखीच्या माणसाला आम्ही एवढं विचारायला सांगतो, की एसएसडी आणि मेमरी खाचेत आहे की डाख दिलेली? उत्तर ऐकून मग किंमत ठरवा.

घरी गेल्यावर एक करून बघा. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, एखाद्या साधनाच्या तपशिलात 'हार्डवेअर आयडी' बघा. तिथे 'व्हीइएन' या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरं दिसतील. ती त्या वहीतली पहिली नोंद. अनेकांना ८०८६ सापडेल. लिनक्स असेल तर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्या, सगळी हजेरीच समोर येईल. पुढच्या वेळी आपण ड्रायव्हरकडे वळू, म्हणजे ओळख पटल्यानंतर त्या साधनाशी नेमकं बोलायचं काय, हे कोण ठरवतं तिकडे. आता चहा तयार आहे असं संयोजक खुणावत आहेत. प्रश्न तिथेच घेऊ.